पांढरीच्या वावरात सापडलेले रुपये: एक प्रकरण अभ्यास

शेतात मेटल डिटेक्टरने सापडलेल्या चांदीच्या जुन्या रुपयांचं हे प्रकरण नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावातलं आहे. माणसांची नावं, गावाचं नाव, गट नंबर आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मला जुन्या नाण्यांचा नाद असल्यामुळे त्या शेतकऱ्याच्या घरातून फोन आला आणि पुढचा बराचसा प्रवास जवळून पाहता आला. मेटल डिटेक्टर आता ऑनलाइन सहज मिळतो, त्यामुळे हाच प्रसंग उद्या दुसऱ्या शिवारात घडणार आहे. मशीन वाजल्यापासून सरकार दरबारी अर्ज जाईपर्यंत कोण काय करतं, यावरच त्या वस्तूचा इतिहास टिकतो की पुसला जातो हे ठरतं. म्हणून तेवढा भाग इथे तपशिलात मांडला आहे.

पार्श्वभूमी

साडेतीन एकरांचं वावर. सातबारावर काका आणि त्यांच्या दोन बहिणी. पुतण्याच्या वडिलांची वाटणी आधीच होऊन वेगळी झालेली, त्यामुळे या गटात पुतण्याचं नाव नाही. ही बारीक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

वावरात थॉमसन द्राक्षांची जुनी बाग होती. ती उन्हाळ्यात काढली, पावसाळ्यात सोयाबीन घेतलं आणि सोयाबीन निघाल्यावर खोल नांगरट झाली. डिसेंबरअखेर जेसीबीने चर खोदायचे आणि जानेवारीत डॉगरीजची खुंटं, म्हणजे ज्यांच्यावर नंतर द्राक्षाचं कलम करतात ती रोपं, लावायची, असा बेत होता. नर्सरीत रोपांचं बुकिंगही झालं होतं.

शिवारात या तुकड्याला ‘पांढरीचं वावर’ म्हणतात, पण माती काळीभोर. याचं कारण काकांना ठाऊक होतं. गावाच्या कडेला जुन्या वस्तीचं पांढरीचं, म्हणजे पांढरट मातीचं, टेकाड होतं. आजोबांच्या काळात लोक तिथली माती घरांच्या धाब्यांवर, म्हणजे सपाट छपरांवर, टाकायला नेत आणि खत म्हणून रानातही पांगवत. या वावरात तिच्या कितीतरी गाड्या पडल्या होत्या. जुन्या वस्तीच्या मातीबरोबर खापरं, मणी, तांब्याचे पैसे असं सगळंच येतं. त्यामुळे अशा वावरात वरच्या थरात एखादी शिवराई (मराठेशाहीतला तांब्याचा पैसा) सापडली, तर त्यावरून ‘इथे गाव होतं’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ती बैलगाडीतून आलेली असू शकते.

पुतण्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला. इंग्लंडमधल्या डिटेक्टरवाल्यांचे व्हिडिओ बघून त्याने मशीन मागवलं होतं. तिकडे शेतकऱ्याची परवानगी घेऊन नांगरलेल्या रानात फिरणं हा सर्रास छंद आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात अशाच छंदी माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा मोठा साठा सापडला. त्याची किंमत सुमारे ३३ लाख पौंड ठरली आणि ती शोधणारा व शेतमालक यांच्यात वाटली गेली. पुतण्याच्या डोक्यात हेच चित्र होतं. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मशीनच्या खोक्यात तसा कागदही नव्हता.

समस्या

सुरुवातीला मशीन सतत ओरडायचं. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात लोहयुक्त खनिजं भरपूर. डिटेक्टरची तबकडी जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते आणि धातूकडून परत येणारा प्रतिसाद टिपते. माती स्वतःच प्रतिसाद देऊ लागली की मशीन गोंधळतं, म्हणून ते त्या जमिनीपुरतं जुळवून घ्यावं लागतं. शिवाय बाग काढलेलं रान: तारांचे तुकडे, अँगलचे नटबोल्ट, औषधांच्या पाकिटांची चकाकती फॉइल, बैलाच्या खुरांच्या पत्र्या. त्यातून आधी दोन-तीन शिवराया हाती लागल्या. पुतण्याने त्या एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या. कुठली कुठे सापडली याची नोंद केली नाही.

मग पूर्वेच्या बांधाजवळ चांदीचे रुपये मिळू लागले. एक इथे, दुसरा चार पावलांवर, तिसरा त्याच्याही पुढे, सगळे नांगराच्या तासांच्या दिशेने. ही रांग उलटी धरत तो मागे गेला आणि एका जागी मशीन इतकं स्थिर आणि जोरात वाजलं, की त्याने खुरप्याने खोदायला घेतलं. सुटं नाणं वीतभर खोलीच्या फार खाली गेलं तर अशा मशीनला सहसा कळत नाही. पण चांदीचा गोळा मोठा असेल तर तो खालूनही बोलतो. हातभर खाली काठ फुटलेलं एक लहान मडकं होतं. वरचा काठ नांगराने उडवला होता आणि वरची नाणी ओढत नेली होती. खाली नाणी एकमेकांना चिकटून काळपट-हिरवा गोळा झालेली.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता, पण तो क्षण आहे हे त्याला जाणवलंच नाही. अंधार पडत होता, पलीकडच्या मळ्यातून कोणी येताना दिसलं, आणि घाईने त्याने गोळा मडक्यासकट उचलून घमेल्यात घातला. मडक्याचे दोन तुकडे झाले. फोटो घेतला नाही, खोली मोजली नाही, आजूबाजूची माती पाहिली नाही.

घरी सुटी आणि गोळ्यात वरून दिसणारी मिळून ४७ नाणी मोजली गेली. पुतण्याने त्यातली पाच लिंबाच्या पाण्यात टाकली. काकू चिंच घेऊन पुढची घासायला बसल्या आणि त्यांनीच हात थांबवला. एका नाण्याच्या हिरव्या पुटावर बारीक जाळी उमटलेली त्यांना दिसली. “अरे, हे बघ, कापडाची वीण दिसतीये,” त्या म्हणाल्या. रुपये कापडात गुंडाळून मडक्यात ठेवलेले होते. कापड कुजून गेलं, पण धातूच्या क्षारांनी त्याचा ठसा जपून ठेवला होता. उभा-आडवा धागा मोजता येईल इतका तो स्पष्ट होता. लिंबात टाकलेली पाच नाणी चकचकीत झाली होती आणि त्यांच्यावर काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला तेव्हा गावात निदान तीन घरांना बातमी लागलेली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय घरातल्या बहुतेकांच्या मनात होता: गप्प बसायचं, वाटून घ्यायचं, हळूहळू विकायचं. काकांचं म्हणणं सरळ होतं. “वावर माझं, मडकं माझ्या वावरातलं, सरकारचा काय संबंध?” हे ऐकायला रास्त वाटतं, पण कायदा तसं म्हणत नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे सापडलं, कधी सापडलं. सोबत ऐवज जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा तो हजर करण्याची हमी द्यायची. कळवलं नाही तर त्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमीनमालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे.

विक्रीचंही तसंच. शंभर वर्षांहून जुनी नाणी ‘पुरावस्तू’ ठरतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

दुसरा पर्याय एका ओळखीच्याने आणला. बाहेरगावचा एक माणूस ‘लांब पल्ल्याचं’ यंत्र घेऊन येतो, तीस फुटांखालचं सोनं दाखवतो, निम्मा वाटा घेतो. त्याच दिवशी कोणीतरी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस आणून रात्री पूजा घालायची सूचनाही केली. या दोन्ही गोष्टींबद्दल मी त्या घरात अगदी स्पष्ट बोललो. तीस फुटांवरून सोनं ओळखणाऱ्या अँटेनाच्या दांड्यांना कसलाही शास्त्रीय आधार नाही, ती लूट आहे. आणि गुप्तधनाच्या नावाने काय अघोरी प्रकार होतात ते आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. त्यासाठीच महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. काकांनी हा पर्याय तिथल्या तिथे बंद केला, याचं श्रेय त्यांनाच.

तिसरा पर्याय पुतण्याचा: आधी आपणच अजून खोदू, काय आहे ते बघू, मग कळवू. हा मला सगळ्यांत घातक वाटला, कारण त्यात हेतू वाईट नव्हता. पुरातत्त्वीय उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लागतो आणि तो हौशी माणसाला मिळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खड्डा एकदाच खणता येतो.

हे त्याला पटावं म्हणून मी जोगलटेंभीचं उदाहरण दिलं, कारण ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला, १३,२५० च्या आसपास नाणी. सगळी मुळात क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पराभव करून त्याचं चलन सातवाहनांनी आपल्या नावावर फिरवलं, हे त्या साठ्यातून कळलं. तिकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात त्याला क्षहरात, म्हणजे नहपानाच्या, वंशाचा निःपात करणारा म्हटलेलं आहे. दगडावरचं म्हणणं आणि चांदीवरचं म्हणणं जुळलं. साठा बऱ्याच अंशी एकत्र तपासता आला म्हणून हे शक्य झालं. तीच तेरा हजार नाणी गुपचूप सराफांकडे जाऊन आटवली गेली असती, तर हा पुरावा जगात उरला नसता. ४७ रुपयांच्या मडक्याला जोगलटेंभीची सर नाही, पण नियम तोच.

चौथा पर्याय, लेखी कळवण्याचा, सगळ्यांना पटत होता आणि सगळ्यांना नको होता. भीती तीन: पोलीस घरी येतील, जमीन सरकार घेईल, खुंटांचा हंगाम जाईल. यातली पहिली लपवल्याने वाढते. दुसरीला आधार नव्हता. एका मडक्यामुळे वावर संरक्षित स्थळ होत नाही. तिसरी मात्र खरी होती. एक हंगाम चुकला तर बाग वर्षभर मागे पडते, आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

केलेली कृती

निर्णय शेवटी काकूंच्या एका प्रश्नाने झाला. “तीन घरांना माहीतच आहे. उद्या कोणी अर्ज केला तर आपण काय सांगणार?”

पुतण्याच्या नावाने अर्ज लिहिला, कारण कायद्याच्या भाषेत सापडणारा तो. काकांनी आणि दोन्ही आत्यांनी जमीनमालक म्हणून वेगळी सही केली. अर्जात साफ केलेली पाच नाणी वेगळी नमूद केली, मडकं उचलताना फुटल्याचंही लिहिलं. पहिल्या मसुद्यात पुतण्याने ‘नांगरताना सापडलं’ असं घातलं होतं. मी ते वाक्य काढायला लावलं. डिटेक्टरने सापडलं तर तसंच लिहावं. खोटं पुढे पंचनाम्यात उघडं पडतं आणि मग खऱ्या भागावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

ऐवज देण्याआधी घरात एवढंच केलं. गोळा फोडला नाही, धुतला नाही. प्रत्येक सुट्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी ठेवून काढले. वजनं सराफाच्या काट्यावर न नेता घरच्या डिजिटल काट्यावर घेतली. बहुतेक नाणी ११ ग्रॅमच्या आसपास भरली. कापडाचा ठसा असलेलं नाणं मऊ कागदात वेगळं ठेवलं. खड्ड्याची जागा मोबाइलवर नोंदवली, खड्डा बुजवला नाही, त्यावर ताडपत्री टाकली.

तलाठ्यांनी पंचनामा केला, ऐवज कोषागारात गेला, आणि राज्य पुरातत्त्व खात्याची माणसं वावर बघून गेली. जेसीबीच्या चरांबद्दल काकांनी स्वतःच तोडगा सुचवला. मडक्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन ओळींची पट्टी तशीच ठेवायची, बाकी रानात चर खोदायचे, आणि खोदताना खापर, वीट किंवा राख दिसली तर मशीन थांबवायचं. जेसीबीवाल्याला हे पटवायला पुतण्या दोन दिवस रजा घेऊन बांधावर उभा राहिला. चरांत वर काळी माती आणि खाली मुरूम, एवढंच निघालं. म्हणजे तिथे वस्ती नव्हती, मोकळ्या रानात कोणीतरी मडकं पुरलं होतं.

मग ते नेमकं तिथेच का? याचं उत्तर मशीनने दिलं नाही. काका म्हणाले, “पूर्वेच्या बांधाला मोठी चिंच होती. माझ्या लहानपणी तोडली.” पुरून ठेवणाऱ्याला परत येऊन जागा ओळखायची असते, म्हणून तो खूण धरूनच पुरतो. चिंच किती जुनी होती हे आता सांगता येणार नाही, पण मडक्याच्या जागेचा तेवढाच अर्थ लागतो आणि तो मला पटतो.

निष्पत्ती

नाण्यांवर फारसी अक्षरं होती म्हणून गावात ‘मोगलांचा खजिना’ अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात ते पेशवाईतले रुपये. मराठ्यांच्या टांकसाळी मोगल बादशहाच्या, इथे शाह आलमच्या, नावानेच रुपये पाडत. नाशिकचं गुलशनाबाद हे नाव आणि चांदवडचं चांदोर हे नाव अशा रुपयांवर येतं. आपल्या जिल्ह्यात टांकसाळी होत्या हे अनेकांना माहीत नसतं. काही रुपयांवर सराफांनी चांदी पारखताना मारलेले बारीक गोल ठसे होते, म्हणजे हा पैसा बाजारात फिरून आलेला. पुरला कधी, याची खालची मर्यादा साठ्यातल्या सर्वांत उशिराच्या नाण्यावरून ठरते. साठा फुटला आणि तेवढंच एक नाणं हरवलं, तर ही तारीखच चुकते. का पुरला, हे मी सांगणार नाही. १८०३-०४ चा दुष्काळ आणि लुटालूट, १८१७-१८ चं इंग्रजांशी युद्ध, अशी कारणं त्या काळात पुरेशी होती. त्यातलं एक निवडायला पुरावा लागतो.

कायद्याने अधिसूचना निघाल्यावर दावे सांगायला चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. त्या तारखेला जमीनमालकांखेरीज कोणी आलं नाही. ऐवज बेवारस ठरला आणि सरकारने तो ठेवून घेतला. अशा वेळी धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश एवढी रक्कम मिळते. वेगळा करार नसेल तर तिचे तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. काकांना हे वाटप कळलं तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्या एका हिश्शात दोन बहिणी होत्या. “एवढ्यात एकरभर खुंटं बी यायची नाहीत,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं. पुतण्याने आपल्या वाट्यातून काकांना निम्मं दिलं. ही गोष्ट कायद्याने सांगितलेली नव्हती.

एक नाणं मात्र गेलंच. रांगेत सापडलेल्यांपैकी एक रुपया पहिल्याच दिवशी मळ्यातल्या कोणाच्या तरी हाती पडला होता. तो परत आला नाही. तो सगळ्यांत उशिराचा होता की नाही, हे कधीच कळणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मशीन स्थिर वाजलं आणि मडक्याचा काठ दिसला, तिथेच हात थांबायला हवा होता. ताडपत्री टाकून रात्रभर कोणीतरी राखण बसलं असतं, तर मडकं मातीच्या ढेपेसकट निघालं असतं आणि कापडाची घडी, नाण्यांचा क्रम, मडक्याभोवतीचा खड्डा, सगळं दिसलं असतं. सुट्या नाण्यांच्या जागी एकेक काडी रोवून फोटो काढला असता तरी नांगराने ओढलेली रांग कागदावर आली असती. आज ती फक्त पुतण्याच्या आठवणीत आहे. नाणी साफ करू नयेत, कशानेही. लिंबू, चिंच, पितांबरी, सगळंच घातक.

काका-पुतण्यांनी मशीन वावरात नेण्याआधीच वाट्याचा साधा कागद केला असता, तर नंतरचा अबोला टळला असता. कायदा असा करार मानतो.

आणि कायद्याबद्दल. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कायद्यात प्रामाणिक माणसाला चांदीच्या भावावर वीस टक्के मिळतात, तर संग्राहकांच्या बाजारात त्याच रुपयाला कितीतरी जास्त. इंग्लंडमध्ये बाजारभावाने मोबदला मिळतो. शिवाय १९९७ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून किरकोळ सापडलेल्या वस्तूंचीही जागेसकट नोंद करून घेणारी माणसं तिथल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आपल्याकडे निदान तालुक्याला एक माणूस असावा, ज्याच्याकडे शेतकरी खापर घेऊन न घाबरता जाईल. नाशिकला पांडवलेणी आहेत, अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, जोगलटेंभी याच गोदावरीवर आहे. सुरुवात इथून व्हायला काहीच हरकत नाही.

पुतण्याकडे मशीन अजून आहे. मध्यंतरी त्याने एका गढीच्या पायथ्याशी फिरू का म्हणून विचारलं. ती जागा राज्याच्या संरक्षित यादीत आहे का, हे आधी पुरातत्त्व कार्यालयात विचार, असं मी सांगितलं. तो विचारायला गेला; उत्तर लेखी मिळेपर्यंत मशीन काकांच्या घरी ठेवायचं ठरलं आहे.